यळ्ळूरकर सरांची उभी रेघ

अजूनही काही बिनसलं की माझा हात कागदावर उभी रेघ मारायला जातो. डावीकडे ‘ताब्यातलं’, उजवीकडे ‘ताब्याबाहेरचं’. रेघ मारून होते आणि मग मला स्वतःचाच राग येतो. कारण ही सवय यळ्ळूरकर सरांची आहे, आणि त्यांचं काहीही घरात ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्यांनी दिलेली पुस्तकं देऊन टाकली. फोनमधून नंबर काढला. रेघ तेवढी गेली नाही. ज्यानं दगा दिला त्यानंच शिकवलेलं असं चिकटून राहतं, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

श्रीपाद यळ्ळूरकर आमच्या कंपनीत मॅनेजर होते. आडनाव बेळगावकडचं, पण बेळगाव सोडलं ते त्यांच्या आजोबांनी. छापखान्यात खिळे जुळवायच्या कामाला ते बेंगळुरात आले आणि चामराजपेटेत राहिले, तेव्हापासून घर तिथंच. त्यामुळे सरांची मराठी घरातली होती, पण रस्त्यावरची कन्नड तिच्यात विचारल्याशिवाय येऊन-जाऊन असायची. ‘थोडं’ म्हणजे ‘स्वल्प’, ‘बरं’ म्हणजे ‘सरी’, आणि बहुतेक वाक्यांच्या शेवटी एक ‘की’. मी पुण्याची. पहिला आठवडाभर मी त्यांची मराठी मनातल्या मनात दुरुस्त करत होते. महिन्याभरात जयनगरच्या भाजीवाल्याशी बोलताना माझ्याच तोंडून ‘स्वल्प कमी करा की’ निघालं.

दिसायला अगदी साधे. बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला पेन. आमच्या ऑफिसात कुणाच्या खिशाला पेन नसायचं, लिहायला होतंच काय? सरांना मात्र रेघा मारायच्या असायच्या.

माझी पहिली रेघ मी नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात पाहिली. क्लायंटला काम दाखवायच्या आदल्या दिवशी मी चाचणीचा सगळा डेटा पुसून टाकला होता. चुकून अर्थात, पण चुकून पुसलेलाही पुसलेलाच असतो. सर आले, शेजारची खुर्ची ओढून बसले, वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं आणि मधोमध रेघ मारली. म्हणाले, डेटा गेला तो उजवीकडे लिही. आता तू काय करणार ते डावीकडे. उजवीकडे बघत बसलीस तर डावीकडचं कोण करणार? मग संध्याकाळपर्यंत ते माझ्याबरोबर बसून डेटा भरत होते, स्वतःची दोन कामं सोडून. माझी चूक त्यांनी वरच्या कुणाला कळूही दिली नाही. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, यात मला लपवायचं काही नाही.

ही विद्या त्यांनी जुन्या ग्रीक-रोमन लोकांकडून उचलली होती. त्यांना स्टोइक म्हणतात, हे मला सरांकडूनच कळलं. जे आपल्या हातात नाही त्यावर जीव टाकायचा नाही, जे आहे ते नीट करायचं, आणि संकट यायच्या आधीच त्याची मनात एकदा गाठ घेऊन ठेवायची, असं साधारण त्यांचं म्हणणं. त्या मंडळींत एक गुलाम होता आणि एक सम्राट. सरांना गुलाम आवडायचा. सम्राटाला काय, राजवाड्यात बसून सहन करायचं सोपं असतंय की, असं ते म्हणायचे. हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

सकाळी सव्वानऊला कँटीनमध्ये आमचा कट्टा जमायचा. ऑफिसातले आम्ही सहा मराठी लोक, फिल्टर कॉफी, आणि सरांचा नेम: प्रत्येकानं आज काय काय बिघडू शकतं ते एकेक सांगायचं. बाकीचं जग सकाळी ‘सगळं चांगलं होऊ दे’ म्हणतं, आम्ही उलटं. सुरुवातीला फार मजा वाटायची. नागपूरचा नितीन एकदा म्हणाला, आज आमची स्वयंपाकाची बाई येणार नाही. ती आली नाहीच, वर गावाला निघून गेली. मग आठवडाभर सगळे त्याला काळजिभ्या म्हणत होते. पण खोटं कशाला बोलू, त्या कट्ट्यानं मला बळ दिलं. रिक्षा रद्द झाली, बैठक फिसकटली, घरमालकानं भांडण काढलं, तरी वाटायचं, हे सकाळीच बोलून झालंय. सरांचा ह्या सगळ्यावर एकच शेरा असायचा: ‘सरी बिडी.’ ठीक आहे, सोडा. आमच्या ऑफिसात तमिळ, बंगाली, सगळ्यांच्या तोंडी तो बसला होता.

बुधवार हा त्यांचा गरिबीचा वार. त्या दिवशी गाडी बंद, सिटी बसनं यायचं, आणि दुपारी डब्यात फक्त नाचणीची आंबील. हालाखी आली तर ती ओळखीची वाटली पाहिजे, म्हणून. एका बुधवारी वरच्या साहेबांनी मोठ्या हॉटेलात जेवण दिलं. सर आमच्याबरोबर बसले, डबा उघडला आणि वेटरकडे चमचा मागितला. साहेब अवघडले, सर मजेत आंबील पीत होते. परत येताना नितीन माझ्या कानाशी म्हणाला, ‘बुधवारी गरीब, गुरुवारी परत मॅनेजर.’ मी त्याच्यावर चिडले होते. भक्तांना विनोद कळत नाही.

आणि तो कप. सरांच्या टेबलावर चिनीमातीचा एक निळा कप असायचा. त्यांच्या मुलीनं परदेशी जाण्याआधी स्वतः रंगवून दिलेला, त्यावर वेडीवाकडी पिवळी फुलं. रोज कॉफी ओतताना सर त्याच्याकडे बघून म्हणायचे, हा फुटणार आहे. आम्हाला शिकवायचे: आवडती वस्तू हातात घेताना ती फुटलेलीच आहे असं समजून घ्या, मग फुटते त्या दिवशी रडू येत नाही. एका सकाळी साफसफाई करणाऱ्या लक्ष्मम्मांचा हात लागला आणि कप खाली. त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या. सगळं ऑफिस सरांकडे बघत होतं. ते उठले आणि कन्नडमध्ये त्यांना म्हणाले, अम्मा, तो फुटलेलाच होता, आपल्याला आज कळलं एवढंच. मग स्वतः खाली बसून त्यांनी तुकडे गोळा केले, बारीक कपच्यासुद्धा. कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून सगळं वर्तमानपत्रात बांधून नेलं. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला म्हटलं, असा माणूस मी पाहिला नाही.

आई तेव्हा नुकतीच पुणं सोडून माझ्याकडे राहायला आली होती. बाबा गेल्यावर तिथं एकटी किती दिवस राहणार. जयनगरला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले. एकेका पायरीवर ती दोन्ही पाय टेकवायची, मध्यावर कठड्याला धरून उभी राहायची आणि म्हणायची, ‘तू हो पुढे, मी जरा झाडं बघते.’ तिथं कुठलंही झाड दिसत नव्हतं. गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, ऑफिसच्या विम्यावर, दोन महिन्यांनी. तारीख मिळाली त्या दिवशी तिनं कॅलेंडरवर हळदीचं बोट लावलं.

सर तिला भेटायला आले होते. तिच्याजवळ बसून त्यांनी रेघेचं सगळं समजावलं. आईनं ऐकून घेतलं, धपाटे वाढले, दोनदा आग्रह केला. ते गेल्यावर म्हणाली, ‘माणूस चांगला आहे. पण दुखणं त्याला पाठ आहे, झालेलं नाही.’ मला राग आला. आईला माझ्या आयुष्यात आलेल्या कुठल्याही माणसात खोट सापडतेच, असं मी तिला ऐकवलंही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सरांनी कट्ट्यावर सगळ्यांना एकेक कोरं पान दिलं. म्हणाले, आज बोलायचं नाही, लिहायचं. समजा उद्या नोकरी गेली. काय होईल, काय कराल, स्वच्छ लिहा. मी एकटाच वाचणार.

आम्ही शाळेतल्यासारखे माना खाली घालून लिहायला लागलो. नितीन माझ्या शेजारी. त्यानं पाच-सहा ओळी लिहिल्या आणि पान पालथं घातलं. मी पानभर लिहिलं. आणि काय लिहिलं तर सगळं खोटं. नोकरी ताब्याबाहेरची, माझी वागणूक ताब्यातली. मी दुःख करणार नाही. नवीन शोधेन. आईचं ऑपरेशन थोडं पुढे ढकलता येईल, तिची सहनशक्ती मोठी आहे. वर्गातल्या हुशार मुलीनं निबंध लिहावा तसं लिहिलं. सरांनी ते वाचावं आणि मान डोलवावी, एवढाच हेतू होता. गुरूपुढे शहाणपण दाखवायची हौस फार वाईट. मी ती पुरेपूर भागवून घेतली.

दहा दिवसांनी मला बोलावलं. छोटी खोली, मनुष्यबळ विभागाची एक मुलगी, टेबलावर टिश्यूचा डबा, आणि कोपऱ्यात सर. कंपनी काही जागा कमी करत आहे, त्यात माझी एक. मुलगी पाठ केलेलं बोलत होती आणि तिचा आवाज कापत होता. मी मनात रेघ मारली. उजवीकडे सगळं गेलं, डावीकडे फक्त मी राहिले. पाच मिनिटांत सही केली. विम्याचं काय, हेही विचारलं नाही, कारण तेव्हा मला वाटलं की असं विचारणं म्हणजे गयावया. उलट मीच त्या मुलीला म्हटलं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दाराशी सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘शाब्बास.’

ती शाब्बासकी मी आठवडाभर उराशी धरून बसले होते. आईला सांगितलं, सरांनाही कौतुक वाटलं. आईनं कॅलेंडरकडे पाहिलं. विमा नोकरीबरोबर संपतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. म्हणाली, ‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, बाळा. तू तिथं काहीच बोलली नाहीस?’ मी तिला ताब्यातलं आणि ताब्याबाहेरचं समजावायला लागले. तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग उठून गेली.

पुढच्या शनिवारी नितीन घरी आला. चपला काढायच्या आधीच रडायला लागला. त्याला राहवत नव्हतं. आमच्या गटातून एक नाव द्यायचं होतं, आणि वर विचार होता नितीन किंवा मी. निवड सरांची. त्यांनी नितीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तुझं पान वाचलं, म्हणून तुझं नाव दिलं नाही. नितीननं काय लिहिलं होतं ते मी विचारलं. ‘लिहिलं होतं, सर, मला नाही जमणार. घराचे हप्ते आहेत, बायकोला सातवा महिना आहे. मी तुमच्यासमोर रडीन.’ एवढंच. खरं लिहिणारा वाचला आणि मी पास होऊन बाहेर गेले.

नितीनवर माझा राग नव्हता, आजही नाही. त्याला चहा करून दिला, पाठवला, आणि सरळ चामराजपेटेला जाणारी रिक्षा केली.

सरांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. दोन दुकानांच्या मधून वर जाणारा जिना, खाली गिरणीची घरघर. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दार उघडलं, ओळख पटताच आत घेतलं, कॉफी आणली. सर आतून आले. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, खरा आनंद, आणि तोच मला सोसला नाही. मी म्हटलं, सर, माझं नाव तुम्ही दिलंत का?

ते खोटं बोलले नाहीत. ते कधीच खोटं बोलत नसत.

‘होय,’ ते म्हणाले. ‘दोघांतलं एक द्यायचंच होतं. नितीन मोडला असता. तू मोडणार नाहीस, हे तूच लिहिलीस की.’

‘आणि ऑपरेशन?’

‘पुढे ढकलता येईल, असं लिहिली होतीस.’

मी विचारलं, पानं लिहून घेतलीत तेव्हा वरून नाव मागितलेलं होतं का? सर म्हणाले, होय, आदल्या दिवशी.

म्हणजे तो पाठ नव्हताच. आम्ही सहा जण माना खाली घालून ज्याची त्याची सोसायची ताकद लिहून देत होतो, आणि समोर बसलेला माणूस त्यातून कुणाला ढकललं तर आवाज कमी होईल ते बघणार होता. मला हे त्यांना असंच्या असं सांगायचं होतं, पण जमलं नाही. मी एवढंच म्हटलं, ‘ते पान मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं, सर. त्यातलं काही खरं नव्हतं. आई जिना चढताना रडते. आणि नाव कुणाचं द्यायचं, हे तुमच्या ताब्यात होतं. डावीकडचं होतं ते.’

मी त्यांच्या तोंडून ‘सरी बिडी’ निघण्याची वाट पाहत होते, निघालं असतं तर बरं झालं असतं, मला ओरडता तरी आलं असतं. पण त्यांनी नुसती मान खाली घातली. काकूंना काही कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं असावं. त्या घाईघाईनं काहीतरी बोलायला लागल्या, मुलीचं, तिच्या तिकडच्या थंडीचं. मी उठले. दाराजवळ काचेचं कपाट होतं, आणि त्यात मधल्या फळीवर तो निळा कप होता.

अख्खा. पिवळ्या फुलांवरून चिकटवल्याच्या रेषा गेलेल्या, कानाशी एक बारीकशी कपची नाही, बाकी अख्खा. काकू माझ्या मागून म्हणाल्या, ‘लेकीनं दिलेला ना. चार संध्याकाळी चिकटवत बसले होते, डोळ्याला भिंग लावून. आम्हाला कुणाला हात लावू देत नाहीत.’

मी कपाट उघडलं आणि कप हातात घेतला. मी तो टाकणार नव्हते. खरंच नव्हते. पण ते सरांना कसं कळावं? माझ्या मागे खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. ज्या माणसाचा आवाज मी पाच वर्षांत चढलेला ऐकला नव्हता, तो म्हणाला, ‘मुग्धा, स्वल्प हळू, पाया पडतो तुझ्या,’ आणि धावत येऊन त्यांनी दोन्ही हात माझ्या हाताखाली पसरले. ओंजळ नव्हे, जेवढे पसरता येतील तेवढे रुंद.

मला त्या क्षणी इतकं रडू आलं की कप खरंच सुटला असता. हे हात त्यांच्याकडे होते. सगळा वेळ होते. त्या छोट्या खोलीत माझ्यापुढे कागद सरकवला गेला तेव्हाही, कोपऱ्यात, मांडीवर घडी घालून ठेवलेले. मी कप जागेवर ठेवला, काच लावली, काकूंना येते म्हणून सांगितलं.

आईचं ऑपरेशन झालं, पण आठ महिन्यांनी, दुसऱ्या नोकरीच्या विम्यावर. तोवर ती त्या जिन्यात झाडं बघत उभी राहिली. आता नीट चालते. सरांचं नाव ती काढत नाही, आणि एकदा मीच काढलं तर म्हणाली, त्यांचंही काही चुकलं नसेल गं, घाबरले असतील. मला अजून तेवढं मोठं होता येत नाही.

त्या शनिवारी सरांच्या घरचा जिना उतरताना वळणावर मी एकदा मागे पाहिलं. दार उघडंच होतं. सर कपाटासमोर तसेच उभे होते, आणि कप केव्हाच आत गेला होता तरी त्यांचे हात अजून पसरलेलेच होते.